हुनेदोआरा, ब्रेशा, दोनेत्स्क: मिर्चा लुचेस्कू यांच्या प्रशिक्षकीचा आढावा

२० ऑक्टोबर २०२० रोजी कीव्हच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगच्या गटातला पहिला सामना झाला. दिनामो कीव्हच्या बाकाजवळ ७५ वर्षांचे मिर्चा लुचेस्कू उभे होते आणि युव्हेंटसच्या बाकाजवळ ४१ वर्षांचे आंद्रेआ पिर्लो. पिर्लो पंधरा-सोळा वर्षांचा असताना याच लुचेस्कूंनी त्याला इटलीतल्या ब्रेशा क्लबच्या मुलांच्या संघातून उचलून मोठ्यांच्या सरावात उभं केलं होतं. त्या संध्याकाळी अल्वारो मोराताच्या दोन गोलांच्या जोरावर शिष्य जिंकला.

लुचेस्कूंच्या नावावर तीसहून अधिक चषक आहेत. फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक चषक मिळवणाऱ्या प्रशिक्षकांच्या यादीत ॲलेक्स फर्ग्युसन आणि पेप ग्वार्दिओला यांच्यासोबत त्यांचं नाव अगदी वरच्या ओळींत येतं. तरीही थोर प्रशिक्षकांची चर्चा सुरू झाली की हे नाव सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. त्याचं उघड कारण असं की बहुतेक चषक रोमानिया, तुर्कस्तान आणि युक्रेनमधले आहेत. इंग्लंड, स्पेन, जर्मनीतला एकही नाही आणि इटलीतल्या लीगमध्ये मिळालं ते दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद. मग हा माणूस मोठा की त्याची कारकीर्द फक्त लांब? माझ्या मते चषक मोजून याचं उत्तर मिळणार नाही. लुचेस्कू मुळात शिक्षक होते. जिथे शिकवायला वेळ मिळाला तिथे त्यांनी शून्यातून संघ उभे केले आणि जिथे तो मिळाला नाही तिथे ते बहुधा अपयशी ठरले. त्यांची सारी वाटचाल या एका गोष्टीभोवती फिरते.

जन्म २९ जुलै १९४५ चा, बुखारेस्टचा. खेळाडू म्हणून ते विंगर होते आणि कारकिर्दीचा मोठा भाग दिनामो बुखारेस्टमध्ये गेला. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात वयाच्या २४ व्या वर्षी ते रोमानियाचे कर्णधार होते. गटात इंग्लंड हे गतविजेते, शिवाय ब्राझील आणि चेकोस्लोव्हाकिया. इंग्लंडशी ०-१ अशी हार, चेकोस्लोव्हाकियावर २-१ असा विजय आणि मग पेलेच्या ब्राझीलशी २-३. त्या ब्राझीलला सर्वकाळातला उत्तम संघ मानणारे कितीतरी जण आहेत, आणि रोमानियाने त्यांना शेवटपर्यंत निर्धास्त होऊ दिलं नाही. पुढे आयुष्यभर लुचेस्कू ब्राझिलियन पोरांच्या मागे का लागले, याचं मूळ ग्वादालाहाराच्या त्या दुपारी शोधण्याचा मोह होतो. पुरावा माझ्याकडे नाही, पण त्या मैदानावर समोर उभं राहून जे पाहिलं ते विसरण्यासारखं नव्हतंच.

मार्च १९७७ मध्ये रोमानियात मोठा भूकंप झाला आणि राजधानीची अपरिमित हानी झाली. त्याच वर्षी लुचेस्कू बुखारेस्ट सोडून ट्रान्सिल्व्हेनियातल्या हुनेदोआरा या पोलाद कारखान्याच्या गावी, कोर्विनुल या क्लबात खेळायला गेले. दोन वर्षांनी संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, तेव्हा खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही जबाबदाऱ्या त्यांच्याकडे आल्या. चरित्रपर लेखांत हा काळ दोन ओळींत उरकतात. मला मात्र पुढचं सगळं इथेच घडलेलं दिसतं. हातात पैसा नाही, तयार खेळाडू राजधानीचे दोन बडे क्लब घेऊन जाणार, म्हणून त्यांनी विशीच्या आतबाहेरच्या मुलांचा संघ बांधला. मिर्चा रेदनिक, योआन आंदोने, मिखाएल क्लाइन, दोरिन मातेउत्स, रोमुलुस गाबोर ही त्यांतली काही नावं. वर्षभरात संघ पहिल्या श्रेणीत परतला आणि १९८१-८२ च्या हंगामात तिसरा आला. कामगारांच्या गावचा हा क्लब त्यानंतर युएफा कपमध्येही खेळला. यांतले अनेक जण पुढे राष्ट्रीय संघाचा कणा झाले आणि मातेउत्सने १९८९ मध्ये ४३ गोल करून युरोपचा सुवर्णबूट मिळवला.

हुनेदोआरात असतानाच, १९८१ मध्ये, त्यांच्याकडे राष्ट्रीय संघही सोपवला गेला. १९८४ च्या युरो स्पर्धेच्या पात्रता गटात नुकतेच विश्वविजेते झालेले इटलीवाले, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया होते. रोमानिया पात्र ठरेल असं कुणी म्हटलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण इटलीशी फ्लोरेन्समध्ये ०-० अशी बरोबरी झाली आणि एप्रिल १९८३ मध्ये बुखारेस्टला लास्लो बोलोनीच्या फ्री किकवर १-० असा विजय मिळाला. वर्षअखेर ब्रातिस्लाव्हात १-१ अशी बरोबरी साधून रोमानिया गटात पहिला आला. त्याच वर्षी लुचेस्कूंनी अठरा वर्षांच्या एका मुलाला नॉर्वेविरुद्ध राष्ट्रीय संघात पहिल्यांदा उतरवलं: गेओर्गे हाजी. फ्रान्समधल्या मुख्य स्पर्धेत मात्र स्पेनशी बरोबरी आणि पश्चिम जर्मनी व पोर्तुगालकडून पराभव, एवढ्यावर खेळ आटोपला. १९८६ च्या विश्वचषकाची संधी उत्तर आयर्लंडपेक्षा एका गुणाने कमी पडल्यामुळे हुकली. १९८६ मध्ये हे पद त्यांच्या हातून गेलं.

त्याआधीच, १९८५ च्या अखेरीस, दिनामो बुखारेस्टची सूत्रं त्यांच्याकडे आली होती. त्या काळचं रोमानियन फुटबॉल समजून घेताना राजवट विसरून चालत नाही. दिनामो हा गृहखात्याचा क्लब, स्तेआवा सैन्याचा, आणि चाऊशेस्कूंचा मुलगा व्हालेंतिन स्तेआवाच्या पाठीशी. १९८६ मध्ये स्तेआवाने युरोपियन कप जिंकला आणि पुढे लीगमध्ये सलग शंभराहून अधिक सामने तो हरला नाही. अशा प्रतिस्पर्ध्यासमोर लुचेस्कूंच्या दिनामोने युरोपविजेत्या स्तेआवालाच हरवून १९८६ चा रोमानियन कप घेतला. लीग मात्र त्यांना १९९० मध्येच जिंकता आली, म्हणजे राजवट कोसळल्यानंतरच्या वसंतात. त्या हंगामात दिनामो कप विनर्स कपच्या उपांत्य फेरीतही पोहोचला होता. विरोधकाच्या यशाचा किती भाग खेळाचा होता आणि किती सत्तेचा, हा वाद रोमानियात अजून मिटलेला नाही. मला वाटतं, ते दोन्ही एकत्रच होतं, कारण त्या स्तेआवाची गुणवत्ताही नाकारता येत नाही.

सीमा उघडल्या आणि रोमानियन फुटबॉल पश्चिमेकडे वाहू लागलं. रोमानियन प्रशिक्षक त्याआधीही बाहेर गेले होते. तिमिशोआराचे श्तेफान कोवाच यांनी अयाक्सला १९७२ आणि १९७३ चे युरोपियन कप मिळवून दिले आणि पुढे फ्रान्सचा राष्ट्रीय संघ सांभाळला. पण कोवाच यांना क्रायुफचा तयार संघ मिळाला होता. लुचेस्कूंना १९९० मध्ये मिळाला पिसा. तिथे दिएगो सिमेओने नावाचा वीस वर्षांचा अर्जेंटिनी मध्यरक्षक त्यांच्या हाताखाली आला. क्लब मात्र दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि हंगाम संपण्याआधीच लुचेस्कूंना जावं लागलं.

ब्रेशाचं प्रकरण वेगळं. १९९१ पासून पाच वर्षांचा हा काळ, मध्ये एकदा खंड पडला तेवढा सोडून, लुचेस्कूंच्या प्रयोगांचा काळ होता. १९९२ मध्ये त्यांनी दुसरी श्रेणी जिंकली आणि मग रेआल माद्रिदमधून हाजीला आणलं. जोडीला रादुचोयू, साबाऊ आणि हुनेदोआराचा जुना मातेउत्स. लोम्बार्दीतल्या त्या छोट्या शहराच्या क्लबला लोक रोमानियन ब्रेशा म्हणू लागले. सामन्याची आकडेवारी आणि चित्रफिती संगणकावर तपासण्याचा प्रयोगही त्यांनी तिथे केला, आणि तेव्हा बहुतेक प्रशिक्षकांना ही नसती उठाठेव वाटत असे. निकाल मात्र झोके घेत राहिले: १९९३ मध्ये घसरण, १९९४ मध्ये बढती, १९९५ मध्ये पुन्हा घसरण. हाजी त्या मधल्या वर्षात दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि तिथून थेट १९९४ च्या विश्वचषकात जाऊन त्याने रोमानियाला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. मार्च १९९४ मध्ये वेंबलीवर नॉट्स काउंटीला १-० ने हरवून ब्रेशाने अँग्लो-इटालियन कप मिळवला. हा चषक आज कुणाच्या लक्षात नाही. पिर्लो मात्र सर्वांच्या लक्षात आहे.

इंटर मिलानमधले दिवस लुचेस्कूंच्या टीकाकारांच्या हातातलं मुख्य हत्यार आहे. डिसेंबर १९९८ मध्ये जिजी सिमोनी यांना काढून त्यांना आणलं. संघात रोनाल्डो होता, रोबेर्तो बाज्जो होता. मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडने इंटरला बाहेर काढलं आणि त्याच महिन्यात लुचेस्कूंनी राजीनामा दिला. पुढचा प्रशिक्षक कोण, याची चर्चा ते पदावर असतानाच सुरू झाली होती. त्या एका हंगामात इंटरने चार प्रशिक्षक पाहिले, त्यामुळे सगळा दोष त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. पण तयार, दुखापतग्रस्त आणि अधीर ताऱ्यांना तीन महिन्यांत जुळवणं हे त्यांचं बलस्थान नव्हतं, हेही तितकंच खरं. २०१६-१७ मध्ये झेनित सेंट पीटर्सबर्गमध्ये हेच घडलं: भरपूर पैसा, तयार संघ, तिसरा क्रमांक आणि एका हंगामानंतर निरोप.

इंटर सोडून ते बुखारेस्टच्या रापिदकडे परतले आणि १९९९ मध्ये रापिदला ३२ वर्षांनी लीग जिंकून दिली. मग आलं इस्तंबूल. फातिह तेरिम यांनी २००० मध्ये गालातासारायला युएफा कप मिळवून दिला आणि ते इटलीला गेले. त्यांची जागा लुचेस्कूंनी घेतली. ऑगस्टमध्येच मोनॅकोला युरोपियन सुपर कपमध्ये रेआल माद्रिदवर २-१ असा विजय मिळाला, दोन्ही गोल जार्देलचे, दुसरा जादा वेळेतला सोनेरी गोल. पुढच्या वसंतात ते चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत होते आणि २००२ मध्ये लीगविजेते झाले. तरी क्लबने तेरिम यांना परत बोलावलं. लुचेस्कू त्याच शहरातल्या बेशिक्ताशकडे गेले आणि पुढच्याच हंगामात, क्लबच्या शताब्दी वर्षात, त्यांनाही लीग जिंकून दिली. लागोपाठच्या दोन वर्षी एकाच शहरातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी क्लब विजेते करून दाखवणं हे माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत कमी गौरवलं गेलेलं काम आहे. शेवट कडवट झाला. जानेवारी २००४ मध्ये सामसुनस्पोरविरुद्ध बेशिक्ताशच्या पाच खेळाडूंना लाल कार्ड मिळाली, सामना अर्धवट थांबला, आणि आघाडीवर असलेला संघ त्यानंतर सावरलाच नाही. पंचांशी आणि पत्रकारांशी लुचेस्कूंचं भांडण तेव्हा नवं नव्हतं, नंतरही थांबलं नाही.

मे २००४ मध्ये ते दोनेत्स्कला पोहोचले. कोळसा खाणींचं शहर, शाख्तार या नावाचा अर्थच खाणकामगार, मालक कोळसा-पोलादातले धनाढ्य रिनात अख्मेतोव. युक्रेन स्वतंत्र झाल्यापासून क्लबने लीग फक्त एकदा, २००२ मध्ये, जिंकली होती. बाकी जवळजवळ सगळं दिनामो कीव्हचं. लुचेस्कू बारा वर्षं राहिले आणि आठ लीग व सहा युक्रेनियन कप जिंकून गेले. शाख्तारमध्ये पैसा होता, पण इंटरसारखा झटपट निकालाचा धाक नव्हता. मालकाने त्यांना वेळ दिला.

त्यांची पद्धत कागदावर साधी दिसते. लीगच्या नियमांमुळे ठरावीक संख्येने युक्रेनियन खेळाडू मैदानात ठेवणं भाग होतं. ते आणि पूर्व युरोपातले खेळाडू बचावफळीत, पुढे ब्राझिलियन. उजव्या कडेला क्रोएशियाचा दारियो स्रना आणि डाव्या कडेला रोमानियाचा रझ्वान रात्स सतत वर धावणारे. ब्राझीलमधून मोठं नाव त्यांनी सहसा आणलं नाही. विशीतली किंवा त्याहून लहान मुलं आणली. फर्नांडिन्यो २००५ मध्ये आला, विलियन आणि लुईझ आद्रियानो २००७ मध्ये, डग्लस कोस्टा आणि अलेक्स तेशेरा २०१० मध्ये. उणे तापमानात, न कळणाऱ्या भाषेच्या देशात आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी बाकावर बसवायचं, त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये बोलायचं, चेंडू नसताना कुठे उभं राहायचं ते रोज शिकवायचं, आणि मग त्याला मोकळं सोडायचं. रोप एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात लावताना मुळांना माती धरेपर्यंत माळी जशी सावली धरतो, तसं हे काम होतं. त्यात काही रोपं जळालीही. सगळे ब्राझिलियन यशस्वी झाले असं मुळीच नाही. पण जे रुजले ते युरोपच्या मोठ्या क्लबांनी मोठ्या किमतीला नेले. २०१३ या एकाच वर्षात विलियन, फर्नांडिन्यो आणि आर्मेनियाचा हेन्रिख मिखितारयान असे तिघे गेले. मिखितारयानने जाण्याआधीच्या हंगामात लीगमध्ये २५ गोलांचा विक्रम केला होता. फर्नांडिन्यो मँचेस्टर सिटीत पुढची नऊ वर्षं खेळला, हे मला शाख्तारच्या शिकवणुकीचं सर्वांत भक्कम प्रमाणपत्र वाटतं.

२० मे २००९ रोजी इस्तंबूलमध्ये, फेनरबाहचेच्या मैदानावर, शाख्तारने वेर्डर ब्रेमेनला जादा वेळेत २-१ ने हरवलं. लुईझ आद्रियानो आणि जादसन यांचे गोल. युएफा कप या नावाने खेळली गेलेली ती शेवटची अंतिम लढत आणि स्वतंत्र युक्रेनच्या क्लबचा पहिला युरोपीय चषक. वाटेत टॉटनहॅम, सीएसकेए मॉस्को, मार्सेय आणि उपांत्य फेरीत खुद्द दिनामो कीव्ह. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डोनबास अरेना उघडलं. २०११ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि बार्सिलोनाने त्याला सहज बाजूला केलं. २०१२ च्या शरदात गतविजेती चेल्सी दोनेत्स्कमध्ये हरली.

या वैभवाची काळी बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर २०१२ मध्ये नॉर्शेलँडविरुद्ध, प्रतिस्पर्ध्याला परत द्यायचा म्हणून टाकलेला चेंडू लुईझ आद्रियानोने पळवून गोल केला. शाख्तारने भरपाईचा गोल करू दिला नाही, आणि युएफाने आद्रियानोवर एका सामन्याची बंदी घातली. त्या दिवशी शिक्षकाने खेळाडूला चुकीचा धडा गिरवू दिला, असंच म्हणावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आक्रमणाच्या सगळ्या जागा परदेशी मुलांना दिल्यामुळे बारा वर्षांत युक्रेनला शाख्तारकडून आघाडीचे खेळाडू फारसे मिळाले नाहीत. यावर स्रना, रात्स, ब्राझिलियन अशी नावं सांगून उत्तर देता येत नाही. चषकांसाठी ही किंमत मोजली गेली आणि ती देशाच्या फुटबॉलने मोजली.

२०१४ मध्ये दोनेत्स्क युद्धात सापडलं. जुलैमध्ये फ्रान्समधल्या मैत्रीपूर्ण सामन्यानंतर फ्रेद, डग्लस कोस्टा, तेशेरा यांच्यासह सहा खेळाडूंनी युक्रेनला परतायला नकार दिला. नंतर ते परतले. ऑगस्टमध्ये डोनबास अरेनाला तोफगोळ्यांची झळ बसली. क्लब कीव्हमध्ये सराव करू लागला आणि घरचे सामने हजार किलोमीटर दूरच्या लव्हीवला खेळू लागला. बायर्नने ७-० अशी धूळ चारली ती याच काळात, आणि २०१६ च्या युरोपा लीगची उपांत्य फेरी गाठली तीही याच काळात. घर गमावलेल्या संघाला दोन वर्षं एकत्र ठेवणं कुठल्याही चषकाच्या यादीत बसत नाही. मी ते २००९ च्या चषकाच्या बरोबरीने मांडेन.

राष्ट्रीय संघांच्या बाबतीत मात्र १९८३ चं यश पुन्हा आलं नाही. तुर्कस्तानचा संघ त्यांनी २०१७ ते २०१९ सांभाळला; आइसलँडकडून घरच्या मैदानावर ०-३ हरल्यावर विश्वचषकाची वाट बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये, ७९ व्या वर्षी, ते ३८ वर्षांनी पुन्हा रोमानियाचे प्रशिक्षक झाले. नेशन्स लीगच्या गटात सहाही सामने जिंकले, पण तो गट खालच्या श्रेणीतला होता. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत बोस्नियाने दोन्ही वेळा हरवलं आणि थेट प्रवेश हुकला. वर्षातून चार-पाच वेळा आठवडाभरासाठी भेटणाऱ्या खेळाडूंना शिकवणार काय आणि किती? हुनेदोआराच्या मुलांना ते रोज भेटत होते आणि तीच मुलं राष्ट्रीय संघातही येत होती, हा फरक विसरता येत नाही.

जुलै २०२० मध्ये ते दिनामो कीव्हचे प्रशिक्षक झाले, तेव्हा शाख्तार आणि दिनामो, दोन्हीकडचे चाहते संतापले. बारा वर्षं ज्याने आपल्याला हरवलं तो माणूस दिनामोच्या चाहत्यांना नको होता. विरोध इतका तीव्र होता की काही दिवसांतच लुचेस्कूंनी पद सोडण्याची तयारी दाखवली, आणि मग ते थांबले. दिनामोकडे ब्राझीलहून मुलं आणण्याइतका पैसा नव्हता, होती ती स्वतःची अकादमी. अठरा वर्षांचा बचावपटू इलिया झाबारनी त्यांनी त्याच शरदात पहिल्या संघात उतरवला. २०२१ मध्ये दिनामोने पाच वर्षांनी लीग जिंकली आणि सोबत कपही. शाख्तारच्या काळातल्या त्या खोल आक्षेपाला हे अर्धं उत्तर आहे: युक्रेनियन मुलांना ते शिकवू शकत होते, दोनेत्स्कमध्ये त्यांनी दुसरा मार्ग निवडला होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने चढाई केली आणि लीग बंद पडली. दिनामोचा संघ युरोपभर मदतनिधीचे सामने खेळत फिरला. जुलैमध्ये चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी आली. घरचा सामना पोलंडमधल्या वुजला, समोर फेनरबाहचे. संघ डिसेंबरनंतर एकही अधिकृत सामना खेळला नव्हता. तिथे ०-० झालं. इस्तंबूलच्या परतीच्या सामन्यात दिनामोने गोल केल्यावर प्रेक्षकांच्या एका भागातून पुतिनच्या नावाच्या घोषणा उठल्या. जादा वेळेत दिनामो २-१ ने जिंकला. पुढे स्टुर्म ग्राझलाही हरवलं आणि बेन्फिकापाशी वाट संपली. जानेवारी २०२३ मध्ये झाबारनी इंग्लंडला, बोर्नमथकडे गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुचेस्कूंनी दिनामो सोडलं.